पिवळ्या पाटीची गाडी

बाबा,

मी शेवटी पिकअपच घेतली. समोर दोन आणि मागच्या सीटवर तीन अशी पाच माणसं नीट बसतात, आणि त्यांच्या पाठीमागे उघडा हौदा. घरात सगळ्यांचा कौल मोठ्या गाडीला होता. तुमची सून, जिला तुम्ही पाहिलंच नाही, ती शोरूममध्ये सात सीटच्या उंच गाडीच्या दारावर हात ठेवून उभी होती आणि मी तिला पिकअपकडे ओढत होतो. इंजिन तेच आहे, म्हटलं. उंची तीच, गारवा तोच, काचाही बटणावर वरखाली होतात. मोठ्या गाडीत मागच्या सीट पाडून सामान घालायचं आणि मग गादीला ग्रीस लागलं म्हणून महिनाभर हळहळायचं. त्यापेक्षा माणसं आत, काम बाहेर. रिकामी असली की मागून जरा उडते, गल्लीत वळवताना घाम फोडते, तेवढं सोसायचं. ती म्हणाली, हे सगळं तुम्हाला इतकं पाठ कसं? मी म्हटलं, जिनिंगची कामं करतो मी, मला नाही कळणार तर कोणाला. बाबा, त्यातला एकेक शब्द तुमचा होता. मी तुमचं नाव घेतलं नाही. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं म्हणतो आहे, आणि बोलायचं आहे ते गाडीबद्दल नाही.

तुम्ही गाडी घेतली त्या वर्षी आर्णीचं आपलं जिनिंग, कापसातून सरकी काढायचा तो कारखाना, बंद पडलं. तुम्ही तिथे अठ्ठावीस वर्षं फिटर. दिवाळी झाली की फाटकाबाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागायची, ती त्या काही वर्षांत आखडत आखडत फाटकाच्या आतच संपायला लागली. शेवटच्या दिवशी मी डबा घेऊन आलो तर तुम्ही बंद मशिनींना तेल देत होता. मी विचारलं, बंद मशिनीले तेल कायले देता? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बंद हाय म्हणूनच." मालकाने हिशेब चुकता केला आणि तुम्ही ठरवलं की आता एका जिनिंगची नोकरी नाही, जिल्ह्यात जी दहा-पंधरा चालू आहेत त्यांच्या मशिनी आपण जाऊन दुरुस्त करायच्या. त्यासाठी गाडी हवी. आणि गाडीसोबत एक माणूस हवा, तो म्हणजे मी.

मी त्याच वर्षी कॉलेज सोडलं होतं. यवतमाळला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात. का सोडलं, हे तुम्ही एकदाच विचारलंत आणि मी म्हटलं, सरांनी अपमान केला. झालं होतं एवढंच की प्रॅक्टिकलला मी वहीऐवजी समोरच्या टेबलावरच्या मुलीकडे पाहत होतो, सर त्यावरून सगळ्यांसमोर काहीतरी बोलले, आणि मी वही त्यांच्या पुढ्यात आपटून निघून आलो. दुसऱ्या दिवशी माफी मागितली असती तर भागलं असतं. मला तेव्हा माफी हा शब्दच माहीत नव्हता. ती मुलगी मात्र माझी झाली. म्हणजे मी कॉलेजबाहेर चहाच्या टपरीवर उभा राहायचो आणि ती मैत्रिणींना पुढे पाठवून दहा मिनिटं थांबायची, एवढीच. तिचे वडील कोर्टात नाझर. आपल्याच समाजातले, पण दोन पिढ्या ऑफिसात गेलेलं घर. त्यांच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली पुस्तकांचं कपाट होतं, आपल्याकडे फोटोखाली तुमचं पान्यांचं खोकं. तिने घरी सांगून टाकलं. नाझर साहेबांनी रागावून नव्हे, विचार करून उत्तर दिलं: मुलाने शिक्षण सोडलं आहे, तेव्हा निदान घर कसं आहे ते पाहू, मग ठरवू.

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात मोठी गाडी शिरली. त्या वर्षांत आपल्या जिल्ह्यात मोठ्या गाड्या रोज यायच्या. कापसाचं काय झालं आहे ते पाहायला मुंबईहून, दिल्लीहून माणसं यायची. पांढऱ्या, उंच, काळ्या काचांच्या गाड्या एकामागे एक धूळ उडवत खेड्यात शिरायच्या, तासाभराने निघून जायच्या. लोक त्या माणसांना शिव्या घालायचे आणि गाडीकडे मात्र डोळे भरून पाहायचे. मीही पाहायचो. मी तिला सांगून बसलो होतो की आम्ही तसलीच घेऊन राह्यलो. तुम्हाला मी दुसरंच सांगितलं: मोठ्या गाडीला भाड्यानेही मागणी आहे, लग्नसराईत बसून राहायला वेळ नाही. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "त्या गाड्या येतात, पाह्यतात अन् जातात. मांगं काही टाकून नेता येत नाही त्याच्यात."

शोरूममधला तो दिवस. तुम्ही धुतलेला पांढरा शर्ट घातला आहे, खिशात सुतळीचा गुंडा. विक्रेता पोरगा मला साहेब म्हणतो आहे आणि मी मोठ्या गाडीच्या सीटवर बसून हात स्टिअरिंगवर फिरवतो आहे. तुम्ही तिकडे पिकअपच्या हौद्यात वाकून सुतळीने माप घेता आहात. जिनिंगचा चामड्याचा रोलर तीन हात लांब, दोघांनी उचलायचा, आणि त्याच्या चामड्याला ओरखडा गेला की तो वाया. तो आडवा निजतो की नाही ते तुम्हाला पाहायचं आहे. विक्रेता हसत विचारतो, "काका, पलंग न्यायचा का?" तुम्हीही हसता. "पलंग असता तं बायकोले इचारून आलो असतो," म्हणता, आणि पुन्हा माप घेता. मग तुम्ही मागच्या सीटवर बसून पाहता, पाठ ताठ राहते म्हणता, दम लागलेल्या माणसाला बरी नाही, पण चालेल. खाली वाकून मागच्या स्प्रिंगचे पाटे मोजता. टेम्पो पाहता आणि नको म्हणता, त्यात घरच्या बायका कुठे बसतील. तुम्ही तासभर एका गाडीशी बोलत होता, आणि मी शरमेने काचेच्या दारापाशी जाऊन उभा राहिलो.

विक्रेत्याने सांगितलं की ही मालवाहू गाडी म्हणून पास होते, तेव्हा नंबरची पाटी पिवळी. तिथे माझा संयम संपला. पिवळी पाटी म्हणजे भाड्याची गाडी, हमालीची गाडी. मी सगळ्यांसमोर म्हणालो की पिवळ्या पाटीच्या गाडीत बसून मी कोणाच्या दारात जाणार नाही. तुम्ही सुतळी गुंडाळत माझ्याजवळ आलात. आवाज चढवला नाही. "तू गाडी नाही पाहून राह्यला," म्हणालात. "गाडीत बसल्यावर तुले कोण पाह्यते, ते पाहून राह्यला." मी तुम्हाला तिथेच सोडून स्टँडवर गेलो आणि एकटा एस.टी.ने घरी आलो. तुम्ही संध्याकाळी आलात. बुकिंग करून आला होता. मायने विचारलं, दोघं वेगवेगळे कसे आले, तर म्हणालात, त्याले काम होतं.

गाडी आली. मायने तिच्या समोर पंचशील म्हणत अगरबत्ती लावली, पहिल्यांदा तुम्ही गाडी विहारापाशी नेऊन आणलीत. मला राग होता, तरी खरं सांगतो, चालवायला ती मला आवडली. आणि नाझर साहेबांचा निरोप आला, रविवारी येतो. तुम्ही म्हणालात, पाहुणे एस.टी.ने कायले येतीन, आपण घ्याले जाऊ. शनिवारी दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात तेव्हा मी गाडी काढली, स्टँडजवळच्या बोर्ड रंगवणाऱ्याकडे गेलो, आणि पुढची-मागची पाटी पांढरी करून घेतली. त्याने विचारलं, पासिंग कोणतं हाय? मी म्हटलं, घरची गाडी हाय. मोठी नाही, पिवळ्या पाटीची पिकअप आली हे तिला आधीच कळलं होतं. तिथूनच बूथवर जाऊन तिला फोन केला. उद्या पाहशील म्हटलं, पाटी रंगवून घेतली, पिवळं नाव नाही राह्यलं. ती हसली. असं चालतं का, म्हणाली. मी म्हटलं, कोण पाह्यते.

रविवारी सकाळी तुम्ही गाडी पुसायला गेलात. मी खिडकीतून पाहत होतो. फडकं हातात धरून तुम्ही पाटीपुढे थांबलात, बोटाने रंग चाचपलात. तुम्हाला नियम माहीत होता. जिनिंगमध्ये कोणी धोतराचा सोगा मोकळा सोडून मशिनीजवळ आला तर तुम्ही पट्टा बंद करायचा, असे तुम्ही. मला वाटलं, आता हाक येणार. तुम्ही घरात आलात, माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे, तेल लावलेल्या केसांकडे पाहिलंत. "आज राहू दे," म्हणालात. "उद्या पिवळी करून आन." एवढंच. मग मायने सीटवर टाकायला नवी चादर काढून दिली.

जाताना काही झालं नाही. नाझर साहेब, त्यांच्या पत्नी आणि मुलीचे मामा आपली वाट पाहत दारातच उभे. जयभीम झाला. साहेब तुमच्या शेजारी पुढे बसले, मागे ती दोघं आणि मी. आणि बाबा, तुम्हाला आठवतं का, त्यांना गाडी आवडली. मला वाटलं होतं टेम्पोसारखं काही असेल, म्हणाले, ही तर घरच्यासारखीच आहे. तुम्ही खुलून गेलात. मोठी गाडी का नाही, हीच का, हे तुम्ही त्यांना गिअर टाकत टाकत समजावत होता, आणि ते मान डोलावत होते. निवृत्तीनंतर गावी शेत करायचं आहे, मलाही असलीच बरी पडेल, म्हणाले. मागून मामा म्हणाले, "मग दाजी, मांगं आमाले बसवान काय ढेपीच्या पोत्यासंगं?" सगळे हसले. माझं लग्न त्या दहा मिनिटांत जवळजवळ ठरलं होतं.

आर्णीकडे येताना अर्ध्या रस्त्यावर आर.टी.ओ.ची तपासणीची जीप उभी होती. हात दाखवला, तुम्ही गाडी बाजूला घेतली, कागद दिले. जीपमधल्या साहेबाने कागद पाहिले, पाटी पाहिली, पुन्हा कागद पाहिले. मग तो तुमच्या खिडकीशी आला आणि त्याने विचारलं, पिवळ्याची पांढरी कोणी केली?

"म्या केली साहेब," तुम्ही म्हणालात.

लिहिता-वाचता येतं ना, असं त्याने विचारलं. तुम्ही म्हणालात, येते. मग कशी केली? तुम्ही पुढे जे बोललात ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. "मले वाटलं, घरचे पाहुणे बसनार हायत, तं पांढरी बरी दिसन." अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाने कोणाला एक नट उलटा फिरवू दिला नाही, तो माणूस नाझर साहेबांच्या शेजारी बसून अडाण्यासारखं हसत होता. नाझर साहेबांनी तोंड पलीकडच्या शेताकडे फिरवलं. तुम्हाला खाली उतरवलं, अर्धा तास उन्हात उभं केलं, पावती फाडली. मी मागच्या सीटवर, तिच्या आईच्या शेजारी. दार माझ्या हाताशी होतं. मी बुटांकडे पाहत होतो. मला वाटत होतं, आता बोललो तर मुलगी जाईल. नाही बोललो तर फक्त तुमची थोडी फजिती होईल, आणि फजिती काय, घरातल्या घरात आहे. हा हिशेब मी त्या अर्ध्या तासात पक्का केला. तुम्ही परत येऊन बसलात तेव्हा आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलंत. रागाने नाही. मी ठीक आहे ना, हे पाहायला.

घरी मायने पाटोडीची भाजी केली होती, तिखट, तिच्या हातची. पाहुण्यांनी चवीपुरतं खाल्लं. घर पाहिलं, विहीर पाहिली, नाझर साहेब तुमच्याशी फार अदबीने बोलले, आणि ते इतकं अदबीने बोलले तिथेच मला कळायला हवं होतं. परत जाताना आम्ही एस.टी.ने जातो म्हणाले. दुसऱ्या दिवशी मामांचा निरोप आला. मुलाचं शिक्षण अर्धं आहे ते आम्ही सोडून दिलं होतं. पण घरातला कर्ता माणूसच सरकारचा नियम रंगवून टाकतो, तिथे मुलगी कशी द्यावी.

तुम्ही तो निरोप ऐकून मायला म्हणालात, माह्या हातानं पोराचं लगन मोडलं. मी आतल्या खोलीत होतो. मला ऐकू यावं म्हणून तुम्ही बोलला नव्हता. मला ऐकू येतं आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. मायने तुम्हाला जे फैलावर घेतलं ते तुम्ही खाली मान घालून ऐकलंत. तेव्हापासून ती तुम्हाला रंगारी म्हणायला लागली. काहो रंगारी, जेवता का. आधी रागाने, मग सवयीने, मग लाडाने. गल्लीतही तेच नाव पडलं. तुम्ही ओ द्यायचा.

तीन दिवसांनी, गुरुवारी, मी यवतमाळला जाऊन तिला गाठलं. मी भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. म्हटलं, तुझ्या बाबांना मोठी गाडीच पाहिजे होती, सरळ सांगायचं होतं. तिने मला बोलू दिलं. मग विचारलं, "पाटी तू रंगवली हे तू सांगितलं का कोणाला?" मी म्हटलं, आता सांगून काय होते. ती म्हणाली, "मी घरी सांगू शकत होते. रविवारी रात्रीच तोंडावर आलं होतं. पण म्हटलं, तू येशील आणि तू सांगशील. तीन दिवस दार वाजलं की मीच उघडायला जात होते." आणि मग, जायला निघाल्यावर, मागे वळून: "पिवळ्या पाटीच्या गाडीत मी बसले असते रे. तुझ्या बाबांच्या बाजूला बसले असते." मी तरीही गेलो नाही नाझर साहेबांकडे. तिथून त्यांचं घर चालत पाच मिनिटांवर होतं. मी तिच्या नावाने, तिच्या बापाच्या नावाने मनात बडबडत स्टँडवर आलो आणि आर्णीची गाडी पकडली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झाल्याचं मला कळलं. महिनाभर मी जेवताना कोणाशी बोललो नाही आणि तुम्ही रोज माझ्या ताटात तुमची अर्धी भाकर सरकवायचा. तुम्हाला वाटत होतं की मी तुमच्यावर रागावलो आहे. ते मी तसंच वाटू दिलं.

त्यानंतर तीन वर्षं आपण त्या गाडीत शेजारी शेजारी बसून फिरलो. राळेगाव, पांढरकवडा, दिग्रस. पाटी पुन्हा पिवळी झाली होती. हौद्यात रोलर, आत आपण दोघं. रोलरवर चामड्याच्या चकत्या कशा बसवायच्या, सुरीची धार रोलरला किती टेकवायची, आवाजावरून मशिनीचं दुखणं कसं ओळखायचं, हे सगळं तुम्ही मला त्याच सीटवर शिकवलंत. कॉलेजात मला इतकं कोणी कधी शिकवलं नव्हतं. एकदा राळेगावहून येताना, दोन्हीकडे कापसाची पऱ्हाटी फुटून पांढरी झालेली, तुम्ही अचानक म्हणालात, "तुले काही बोलाचं हाय काय?" तुम्ही मला दार उघडून दिलं होतं, बाबा. मी म्हटलं, नाही, गिअर आवाज करून राह्यला. तुम्ही गिअरबॉक्सबद्दल बोलायला लागलात. त्याच हंगामात एक दिवस तुम्ही दुपारी कामावरून आलात, गाडी लावली, पाणी मागितलंत, आणि मायने तांब्या आणेपर्यंत राहिला नाहीत.

मला वाटायचं की तुम्ही गेल्यावर ते सांगणं सोपं होईल. यंदा तुमच्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदनाला विहारात बरीच माणसं होती. जुने जिनिंगवाले आले होते, गल्लीतले होते. भन्तेजी म्हणाले, मुलाने वडिलांबद्दल दोन शब्द सांगावे. मी उभा राहिलो. खूप वर्षं झाली, नाझर साहेबही राहिले नाहीत, ती कुठे असेल माहीत नाही. कोणाचं काही बिघडणार नव्हतं. मी पाटीचीच गोष्ट सांगायला सुरुवात केली. पिकअप, पाहुणे, तपासणीची जीप. माय पहिल्या ओळीत बसली होती, आधीच हसत. आणि मी म्हटलं, आमचे बाबा इतके भोळे होते की पाहुण्यांना बरी दिसावी म्हणून त्यांनी पाटीच पांढरी करून टाकली. सगळे हसले. मायने डोळ्यांना पदर लावला. मलाही हसू आलं, बाबा, खरोखर आलं. वीस वर्षं ऐकत आलेली गोष्ट मी इतकी चांगली सांगितली की क्षणभर मलाच खरी वाटली.

हे पत्र तुमच्यापर्यंत जाणार नाही, ते जाऊ द्या. पण ज्या एका माणसाला ते वाचून दाखवता येईल ती माय समोर ओट्यावर तूर निवडत बसली आहे. तिला फक्त एवढं कळलं पाहिजे की रंगारी तुम्ही नव्हता. मघाशी तिने सूप खाली ठेवून विचारलं, एवढं काय लिहून राह्यला बाप्पा सकाळपासून?

मी म्हटलं, काही नाही माय, गाडीचे कागद भरून राह्यलो.